धागा : दादासाहेब फाळक्यांनी चित्रपट प्रत्यक्षात बनवला कसा?

सोळाचौकटी

फाळक्यांबद्दल एक ठरलेला मजकूर सगळीकडे फिरतो. ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहिला, विम्याची पॉलिसी गहाण टाकली, लंडनहून कॅमेरा आणला, हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना तारामती केलं आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. सगळं खरं आहे. पण एवढं वाचून काम कसं झालं ते कळत नाही. कथापटाचा धंदाच ज्या शहरात नव्हता तिथे दादरच्या एका बिऱ्हाडात ३,७०० फुटांचा, चार रिळांचा चित्रपट लिहून, चित्रित करून, धुऊन, छापून बाहेर कसा पडला? त्यासाठी हा धागा. जाणकारांनी यंत्रं, रसायनं, पटकथा, हिशेब, ज्याला जे माहीत असेल ते सविस्तर लिहावं.

माझं मत आधीच मांडतो. कथा सुचण्यापासून प्रिंट डब्यात भरेपर्यंतची एकूण एक पायरी त्यांना स्वतःच्या हाताने करता येत होती, हे फाळक्यांचं खरं मोठेपण. पुढे कंपनी झाल्यावर भागीदारांशी जे बिनसलं, त्याचं मूळही याच सवयीत आहे.

त्यांच्या चित्रपटाआधीच्या आयुष्याकडे ‘धरसोड’ म्हणून पाहणारे बरेच आहेत. मला ते अजिबात पटत नाही. क्रम बघा. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. १८८५ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. १८९० मध्ये बडोद्याचं कलाभवन. तिथले प्रमुख टी. के. गज्जर हे रसायनशास्त्रातले मोठे जाणकार. तिथे फोटो काढणं, धुणं, ठसे तयार करणं, साच्यातून मूर्ती काढणं हे सगळं शिकून झालं. मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ. तिथेच प्लेगात पहिली पत्नी आणि मूल गेलं. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन. ती नोकरी सोडून लोणावळ्याला छापखाना आणि राजा रवि वर्म्यांच्या चित्रांचं छपाईकाम, पुढे दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स, १९०९ मध्ये यंत्रांसाठी जर्मनी. मधूनमधून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने जादूचे प्रयोग.

तिरंगी छपाईत एकाच कागदावर तीन ठसे केसभरही न सरकता बसवावे लागतात. एकाच फिल्मवर दोनदा चित्रीकरण करून देव प्रकट करायचा तर नेमकं हेच कौशल्य लागतं. ड्राफ्ट्समनला मोजमाप येतं, फोटोवाल्याला अंधारखोली येते, जादूगाराला प्रेक्षकाची नजर कुठे वळवायची ते येतं. १९१२ साली लंडनची बोट पकडताना माणूस ४१ वर्षांचा होता आणि चित्रपटाला लागणारी बहुतेक कामं त्याच्या हातात आधीच बसलेली होती.

काळाघोडा

उत्तम धागा. लंडनच्या खरेदीबद्दल लिहितो, कारण सगळे कॅमेऱ्यावर थांबतात आणि पर्फोरेटर विसरतात.

१ फेब्रुवारी १९१२ ला प्रयाण, १ एप्रिलला परत. लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना ते थेट जाऊन भेटले. कॅबर्न यांनी आधी परावृत्तच करायचा प्रयत्न केला. तिथले निर्माते बुडत होते, हिंदुस्थानात कसं चालणार, असा त्यांचा मुद्दा. पण माणूस हलत नाही म्हटल्यावर त्यांनीच सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओत ओळख करून दिली. तिथे फाळक्यांनी काम जवळून पाहिलं. मग ५० पौंडांना विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र, आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी.

भोकं पाडायचं यंत्र कशाला? तेव्हा कच्ची फिल्म बरेचदा कोरी, बिनभोकांची मिळे. आता आकडे मांडू. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी. प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोकं. म्हणजे फुटाला एका कडेला ६४. ३,७०० फुटांना २,३६,८०० जोड्या! ही फक्त एका प्रिंटची गोष्ट. निगेटिव्ह वेगळी, वाया गेलेली फिल्म वेगळी, दुसरी प्रिंट काढायची तर तिची वेगळी. हे काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केलं, रात्री, अंधारात. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडेच होता.

बिघाड कुठे होतो तेही सांगतो. भोकामधलं अंतर किंचित कमी-जास्त पडलं की कॅमेऱ्यात फिल्म ओढणारा आकडा भोकात नीट शिरत नाही. एकतर भोक फाटतं किंवा चित्र पडद्यावर वरखाली नाचतं. पंच बोथट झाला की कडेला कचरा लोंबतो, आणि हाच भुसा कॅमेऱ्याच्या खिडकीत अडकून चित्राच्या कडेला केसासारखा दिसतो. नायट्रेट फिल्म जुनी झाली की आकसते, त्यामुळे आधी भोकं पाडून महिनोन्‌महिने ठेवूनही भागत नाही. लागेल तशी, थोडी-थोडी फिल्म तयार करत राहावं लागतं. म्हणजे सरस्वतीबाईंचं काम शूटिंग संपेपर्यंत रोजचं होतं. त्यांचं नाव ‘पतीला साथ दिली’ एवढ्यावर सोडून देणं अन्यायाचं आहे. त्या या कारखान्याच्या तंत्रज्ञ होत्या.

नवखा_प्रेक्षक

दोन शंका. (१) वाटाण्याच्या रोपाची ‘अंकुराची वाढ’ ही फिल्म रोज एक चौकट घेऊन महिनाभरात केली असं वाचतो. हे खरं का? (२) ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी कुठे ४० मिनिटं लिहितात, कुठे तासभर. नक्की किती?

सोळाचौकटी

दोन्हींचं उत्तर एकाच गुणाकारात आहे. त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवायचा. हँडलच्या एका फेऱ्यात ८ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला १६ चौकटी. एक सेकंद म्हणजे बरोबर एक फूट फिल्म. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे वाद मिटतात.

(१) रोज एकच चौकट घेतली तर महिन्याच्या ३० चौकटी. पडद्यावर दोन सेकंदही पुरत नाहीत. फिल्म मिनिटभराची होती असं त्याच मजकुरात लिहिलेलं असतं. तर मग ९६० चौकटी हव्यात. महिन्याला वाटल्या तर दिवसाला ३२, म्हणजे बारा तासांच्या उजेडात साधारण दर २२-२३ मिनिटांनी एक. तेव्हा रोज एक चौकट ही सांगण्याच्या ओघात सोपी झालेली गोष्ट आहे, प्रत्यक्ष काम त्याहून कितीतरी जिकिरीचं. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत हँडल दुसऱ्या दांड्याला लावलं की एका फेऱ्याला एकच चौकट सरकते अशी सोय असे. तिपाई महिनाभर तसूभर हलता कामा नये, कुंडीला पाणी घालताना धक्का लागता कामा नये, आणि उजेड शक्य तितका सारखा हवा. नाहीतर पडद्यावर रोप वाढण्याऐवजी लुकलुकताना दिसतं. ही फिल्म दाखवून त्यांनी यशवंतराव नाडकर्णी यांच्याकडून भांडवल मिळवलं. कर्ज देणाऱ्याला यंत्र आणि माणूस दोन्ही भरवशाचे आहेत हे पटवायला याहून चोख नमुना कोणता?

(२) ३,७०० फूट सेकंदाला १६ चौकटींनी चालवले तर ६२ मिनिटं. २० ने चालवले तर ४९. आजच्या २४ च्या वेगाने ४१. चाळीस मिनिटं लिहिणाऱ्यांनी बोलपटाचा वेग धरलेला असतो. मूकपटाच्या काळात प्रोजेक्टरवालाही हातानेच फिरवायचा, आणि पुढचा खेळ वेळेवर सुरू करायचा असेल तर हात जरा जोरात चालायचा. म्हणून मिनिटांत बोलूच नये, फुटांत बोलावं.

याच हिशेबाने सुरतेच्या जाहिरातीचा किस्सा तपासता येतो. तिथे पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये झाला. लोकांना तीन-चार तासांच्या नाटकाची सवय, तासाभराच्या खेळाला पैसे कोण देणार? मग फाळक्यांनी जाहिरात केली : ५७,००० छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत. ३,७०० गुणिले १६ करा, ५९,२०० येतात. शीर्षकाच्या पाट्या (पडद्यावर येणारा लिखित मजकूर) थोड्या वजा करा, ५७,००० हा आकडा प्रामाणिक आहे! दोन मैल मात्र अतिशयोक्ती. ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही नाही. पण तिकिटाच्या पैशांत किती छायाचित्रं मिळतात हा हिशेब गिऱ्हाइकाला लगेच कळला आणि गर्दी झाली.

हायपो

अंधारखोलीचं कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. माझ्या मते मुंबईत चित्रपट बनवताना सगळ्यात जास्त धोका इथे होता.

तेव्हाची पद्धत अशी. चित्रित फिल्म लाकडी चौकटीवर, म्हणजे रॅकवर, दोरी गुंडाळावी तशी गुंडाळायची. मोठ्या रॅकवर सुमारे २०० फूट बसते. रॅक उभी करून डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणाच्या, टाकीत बुडवायची, लाल दिव्यात नजर ठेवत वरखाली करायची, मग साध्या पाण्याची टाकी, मग हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं द्रावण, मग वाहत्या पाण्यात भरपूर धुणं, आणि शेवटी मोठ्या लाकडी ढोलावर गुंडाळून ढोल फिरवत वाळवणं.

आता काय बिघडतं ते. डेव्हलपर साधारण ६५ अंश फॅरनहाइटला हवा. मुंबईत उन्हाळ्यात घरातलं पाणीच ८५ च्या वर. इतक्या उष्णतेत फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, मऊ पडतो, कडेने सुटतो, बोट लागलं तरी चित्र पुसतं. उपाय तीन : काम रात्री करणं, टाकीभोवती बर्फ ठेवणं, आणि तुरटीच्या जातीचं द्रव्य वापरून थर कडक करून घेणं. बर्फ टाकीत टाकायचा नाही, बाहेरून लावायचा. आत टाकला की वितळून डेव्हलपर पातळ होतो आणि २०० फुटांतला एक भाग गडद, एक फिका निघतो.

दुसरं, रॅकच्या वरच्या आणि खालच्या दांडीवर जिथे फिल्म वळते तिथे डेव्हलपर वेगळा फिरतो. त्यामुळे ठरावीक अंतराने आडवा पट्टा उमटतो. जुने मूकपट पाहताना दर काही सेकंदांनी एक सावली सरकून गेल्यासारखी वाटते, ती बहुतेक वेळा याचीच. उपाय म्हणजे फिल्म रॅकवर मधूनमधून थोडी सरकवत राहणं. कंटाळवाणं काम, पण गत्यंतर नाही.

तिसरं, पावसाळा. ढोलावर फिल्म वाळत नाही, थर चिकट राहतो आणि हवेतली धूळ त्यावर बसते. निगेटिव्हवर बसलेला धुळीचा कण प्रत्येक प्रिंटमध्ये पांढरा ठिपका होऊन येतो.

चौथं, आणि हे विसरू नका : नायट्रेट पेटते आणि पेटली की विझत नाही. राहत्या घरात चूलही होती आणि फिल्मही.

निगेटिव्ह तयार झाल्यावर पॉझिटिव्ह, म्हणजे पडद्यावर दाखवायची प्रिंट, काढायला निगेटिव्ह आणि कोरी फिल्म एकमेकांना चिकटवून यंत्रातून एकेक चौकट उजेडासमोरून न्यायची. काळाघोडाजींनी भोकांबद्दल जे लिहिलं ते इथे दुप्पट लागू पडतं, कारण दोन्ही फिल्मींची भोकं तंतोतंत जुळली नाहीत तर चित्र पुसट होतं.

नवखा_प्रेक्षक

हायपोताई, हे कुठल्याच चरित्रपर लेखात वाचलं नव्हतं. मग कलाकारांच्या चेहऱ्यांना पांढरं का फासायचे तेही सांगा ना.

रंगपट

ते मी सांगतो. त्या काळची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. निळा आणि जांभळा तिला फार दिसायचा, हिरवा बरा, लाल अजिबात नाही. परिणाम : निळं आकाश कोरं पांढरं, ओठ काळे, कुंकू काळं, उन्हात तापलेला चेहरा सावळा आणि डागाळ. नाटकातली रंगभूषा आहे तशी घेतली तर गालावरची लाली खड्ड्यासारखी दिसते. म्हणून चेहऱ्यावर सफेदा जास्त, लाल जवळजवळ नाही, आणि डोळ्यांच्या कडा गडद. लाल शालू आणि काळा शालू पडद्यावर सारखेच, त्यामुळे वस्त्रं निवडताना रंग पाहायचा नाही, उजळ की गडद एवढंच पाहायचं. जरीचा काठ उन्हात चमकतो म्हणून देवादिकांच्या अंगावर तो शोभतो. पण फार चमकला की फिल्मवर त्याच्याभोवती धुरकट वलय येतं.

उजेड फक्त सूर्याचा. सेट अंगणात उभा करायचा, वर छप्पर नाही, फार तर पातळ पांढरं कापड ताणायचं. ऊन डोक्यावर आलं की डोळ्यांच्या खोबणीत अंधार पडतो, म्हणून चांगलं काम सकाळी आणि दुपार कलल्यावर. अंधाऱ्या बाजूला उजेड परतवायला पांढऱ्या चादरी धरायच्या, त्यातही सरस्वतीबाई होत्याच. रंगवलेला पडदा वाऱ्याने हलला की राजवाड्याची भिंत हलते. मूकपटांत हे दिसतं आणि आज लोक हसतात. तेव्हा उपाय एवढाच, पडद्याला मागून बांबू ठोकायचे आणि वारा पडेपर्यंत थांबायचं.

कॅमेरा किती दूर ठेवायचा याचाही हिशेब असतो. ५० मिमीच्या भिंगाने माणूस डोक्यापासून पायापर्यंत बसवायचा तर सुमारे १८ फूट अंतर लागतं. तेवढ्या अंतरावर चौकटीत मावणारी रुंदी साडेआठ फुटांच्या आसपास. म्हणजे हरिश्चंद्र, तारामती, रोहिदास आणि विश्वामित्र यांना साडेआठ फुटांत वावरायचं. जमिनीवर दोरी किंवा चुन्याची रेघ मारून हद्द दाखवल्याशिवाय नाटकातला नट हमखास बाहेर जातो. दत्तात्रय दामोदर दाबके (हरिश्चंद्र) यांच्यासारख्यांना रंगमंचाची सवय, आणि कॅमेऱ्यावर त्र्यंबक तेलंग हा नव्याने शिकलेला माणूस. दोघांनाही फाळक्यांनीच तयार केलं.

अण्णा साळुंक्यांबद्दल एक. ग्रँट रोडच्या हॉटेलात त्यांना महिना १० रुपये मिळत, फाळक्यांनी १५ देऊ केले. हे सगळे सांगतात. पुढचं सांगत नाहीत : १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. कथेत दोघांची ताटातूट झालेली असल्यामुळे बऱ्याच भागात दोघांना एका चौकटीत आणायची गरजच पडत नाही. नट निवडतानाही पटकथा डोक्यात ठेवली होती हे यातून दिसतं. आणि स्त्रिया मिळाल्याबरोबर त्यांनी घेतल्या. १९१३ च्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, दोघी आहेत.

शाईपेन

पटकथाकार फाळके हा भाग सगळ्यात कमी बोलला जातो. ते स्वतः लिहीत, हे माहीत असूनही.

मूकपट लिहिताना पहिला प्रश्न : संवाद नाहीत, मग प्रेक्षकाला गोष्ट कळणार कशी? पौराणिक कथा निवडण्यामागे श्रद्धा होतीच, पण हा मोठा व्यावहारिक लाभही होता. हरिश्चंद्राने राज्य का दिलं हे कीर्तनातून, आख्यानातून घराघरांत माहीत. म्हणजे कारणं समजावत बसावी लागत नाहीत, थेट प्रसंग दाखवता येतो. अनोळखी सामाजिक कथा घेतली असती तर दर दोन मिनिटांनी पाटी टाकावी लागली असती.

पाटी महाग असते. वाचायला साधारण एका शब्दाला एक सेकंद, म्हणजे एक फूट फिल्म धरायची. दहा शब्दांची पाटी दहा फूट खाते. शिवाय फाळक्यांच्या पाट्या हिंदी आणि इंग्रजी अशा जोडीने. सावकाश वाचणाऱ्याला पुरेल इतका वेळ द्यायचा तर लांबी आणखी वाढते. म्हणून पाटीवर एकच वाक्य, आणि तेही प्रसंगाच्या आधी. प्रसंग मधे तोडून पाटी टाकली की नटाचा हावभाव तुटतो.

दुसरा प्रश्न चमत्कारांचा. देव प्रकट होण्याची जागा कथेत कुठेही टाकता येत नाही, कारण ती चित्रित करायची रीत ठरलेली असते. साधी रीत : सगळे नट जागच्या जागी पुतळ्यासारखे थांबतात, कॅमेरा थांबतो, देव येऊन उभा राहतो, कॅमेरा पुन्हा सुरू. यात तीन गोष्टी बिघडतात. हँडल थांबताना वेग मंदावतो, त्या दोन-तीन चौकटींवर जास्त उजेड पडतो आणि पडद्यावर लख्ख झटका दिसतो. त्या चौकटी कापून फिल्म सांधावी लागते. दुसरं, फार वेळ लागला तर सावली सरकते. तिसरं, एखादा नट पापणी नाही पण मान हलवतोच. म्हणून लिहितानाच अशा क्षणी पात्रं नमस्कार करून, डोकं टेकवून, किंवा भयाने थिजून उभी आहेत अशी योजना करायची. पाहणाऱ्याला ती भक्ती वाटते, लिहिणाऱ्याने तिथे तंत्राची सोय करून ठेवलेली असते.

अवघड रीत म्हणजे दुहेरी चित्रीकरण. हँडलचे फेरे मोजत पहिलं चित्र घ्यायचं, भिंग झाकून तेवढेच फेरे उलटे फिरवायचे, मग काळ्या मखमलीसमोर दुसरं चित्र घ्यायचं. १९१८ च्या ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये कंसाचं मस्तक धडावेगळं होऊन हवेत जातं, ते याच कुळातलं काम. मोजणीत एक फेरा चुकला की आठ चौकटींचा घोळ.

आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) नक्की पाहा. कथा सुरू होण्याआधी कृष्णाचं काम करणारी त्यांची मुलगी मंदाकिनी वेगवेगळे भाव चेहऱ्यावर आणून दाखवते, कॅमेरा जवळ. पटकथाकार म्हणून हा फार धीट निर्णय. आधी प्रेक्षकाला सांगितलं, ही एक मुलगी आहे, अभिनय करते आहे. आणि तरी दहा मिनिटांत प्रेक्षक तिला कृष्ण मानून बसतो.

गोदाकाठ

आता कंपनीचं. ऑक्टोबर १९१३ मध्ये फाळके बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला घेऊन गेले. ‘मोहिनी भस्मासुर’, मग १९१४ चं ‘सत्यवान सावित्री’. त्याच वर्षी तिन्ही चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले, खेळ झाले, तिथे राहून चित्रपट काढायचं आमंत्रणही मिळालं. ते नाकारून परत आले तोवर महायुद्ध सुरू. कच्ची फिल्म दुर्मीळ, पैसे लावणारे मागे सरले. फिल्म बाहेरून येत असल्यामुळे त्यांच्या अख्ख्या साखळीतली ही एकच कडी हातात नव्हती, आणि नेमकी तीच तुटली.

१९१७ च्या ‘लंका दहन’ने घडी पुन्हा बसली. गल्ल्याची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागली अशी त्याची ख्याती. मग १ जानेवारी १९१८ ला हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी. वामन श्रीधर आपटे यांच्यासह भांडवलवाले भागीदार, आणि फाळके काम करणारे भागीदार.

सोळाचौकटींनी पहिल्याच प्रतिसादात म्हटलं ते इथे दिसतं. घरगुती कारखान्यात फाळके ठरवतील तेव्हा दृश्य पुन्हा घेतलं जाई. खर्च किती, फिल्म किती गेली, हे विचारणारं कोणी नव्हतं. कंपनीत वर्षाला अमुक चित्रपट, अमुक खर्च, अमुक तारीख. वही एकाच्या हातात, कॅमेरा दुसऱ्याच्या. खटके उडत गेले, ते बाहेर पडले, काशीला गेले. तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं. पुढे परत आले, चित्रपट काढले, पण आता ते आपल्याच उभ्या केलेल्या धंद्यात नोकरी करत होते. मला दोन्ही बाजू समजतात. भागीदारांशिवाय फिल्म विकत येत नव्हती, आणि फाळक्यांशिवाय कंपनीकडे विकायला काही नव्हतं.

तोवर कोल्हापुरात बाबूराव पेंटर उभे राहिले होते, १९२० चं ‘सैरंध्री’, आणि १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’सारखा शेतकऱ्याच्या कर्जावरचा सामाजिक चित्रपट. फाळक्यांची चौकट मात्र समोरून, स्थिर, नाटकाच्या पडद्यासारखीच राहिली. हे लिहायला जड जातं, पण लिहायला हवं.

‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून घेतला आणि मधे १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाने बाजार बदलून टाकला. मग त्याला मागाहून आवाज जोडून आणावा लागला. हे का जमत नाही? हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याचा वेग कमी आणि असमान, बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. माणसं भरभर हलतात, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. कथा ज्या लयीत लिहिली ती लयच जाते.

शेवटचं ‘गंगावतरण’, १९३७, कोल्हापूर सिनेटोनसाठी. वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांनी दिग्दर्शित केलेला एकुलता एक बोलपट. आदल्याच वर्षी ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ आला होता, त्यातला तुकारामाचा साधा, बोलता आवाज लोकांच्या कानात होता. त्यापुढे स्वर्गातून उतरणारी गंगा कितीही कौशल्याने उतरवली तरी काळ पुढे गेला होता. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला त्यांचं निधन झालं. नव्वदहून अधिक कथापट आणि वर लघुपट, एवढं काम मागे होतं.

नवखा_प्रेक्षक

इतक्या चित्रपटांपैकी आज पाहायला काय मिळतं? आणि ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून जे इंटरनेटवर दिसतं ते १९१३ चंच का?

काळाघोडा

फार थोडं उरलं आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चं पहिलं आणि शेवटचं रीळ, ‘लंका दहन’ आणि ‘श्रीकृष्णजन्म’चे तुकडे, ‘कालिया मर्दन’चा बराचसा भाग, आणि १९१७ च्या ‘चित्रपट कसे तयार करतात’ या माहितीपटाचे तुकडे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांपर्यंत जाऊन हे तुकडे जमवले नसते तर तेवढंही मिळालं नसतं. इथल्या चर्चेनंतर सगळ्यात आधी तो माहितीपट बघा. त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात, आणि वर हायपोताईंनी लिहिलेली पायरी कुठली ते ओळखता येतं.

‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळं आहेत ती १९१७ साली त्यांनीच पुन्हा काढलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ची आहेत, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. मला ते पटण्याजोगं वाटतं.

हायपो

तपासायची एक रीत आहे, कोणी संग्रहालयात काम करणारे वाचत असतील तर उपयोगी पडेल. ईस्टमन कोडॅकने १९१६ च्या सुमारापासून फिल्मच्या कडेला, भोकांच्या बाहेर, वर्षागणिक बदलणाऱ्या छोट्या खुणा छापायला सुरुवात केली : वर्तुळ, चौकोन, त्रिकोण. मूळ नायट्रेटवर अशी खूण सापडली तर ती फिल्म त्याआधीची असू शकत नाही. पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. खूण फक्त त्या प्रिंटचं वय सांगते, निगेटिव्हचं नाही. १९१३ च्या निगेटिव्हवरून १९२० मध्ये प्रिंट काढली तर खूण १९२० ची दिसेल. आणि नंतर काढलेल्या प्रतीत जुनी खूण कडेला धूसर, छायेसारखी उतरते, नव्या फिल्मची खूण ठसठशीत असते. दोन्ही वेगळ्या वाचाव्या लागतात.

कडाच कापल्या गेल्या असतील तर भोकांचा आकार आणि सांधे बघायचे. घरच्या यंत्रावर पाडलेली भोकं कारखान्यातल्यासारखी एकसारखी नसतात.

नवखा_प्रेक्षक

आणि घरी संगणकावर बघताना वेग किती ठेवू?

सोळाचौकटी

इंटरनेटवरच्या बहुतेक प्रती २४ किंवा २५ चौकटींना चढवलेल्या असतात. वेग पाऊणपट, म्हणजे ०.७५ करा; सेकंदाला १८ च्या आसपास येईल. माणसं धावायची थांबतात. ‘कालिया मर्दन’मधल्या मंदाकिनीच्या सुरुवातीच्या चेहऱ्यावर आधी पूर्ण वेगाने आणि मग पाऊणपट वेगाने बघा. फरक तिथे लगेच कळेल.